क्यूबा सहल आणि अधिवेशनाचं नाटक: एस्टाचं काय?

प्रेषक: सचिव
मंडळी, पुण्याच्या टूरवाल्यांना शुक्रवारपर्यंत अनामत भरायची आहे. बारा नावं आहेत, त्यातले सात जण अमेरिकेतल्या अधिवेशनाच्या नाटकात. टूरवाले म्हणतात, शिक्का पासपोर्टवर नाही, वेगळ्या कार्डावर मारतात, काही होत नाही. खरं आहे का? हो की नाही तेवढंच कळवा. इस्रायलच्या वेळसारखं पुराण नको.

प्रेषक: प्रवास समिती
हो-नाहीत बसत नाही, माफ करा. शिक्का कुठे मारला याला इथे अर्थ नाही. एस्टाच्या (ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना व्हिसाशिवाय अमेरिकेत जायची ऑनलाइन परवानगी) अर्जात सरळ विचारतात: १२ जानेवारी २०२१ ला किंवा त्यानंतर क्यूबात गेला होतात का? इराण, इराक, सीरिया, सुदान, लिबिया, सोमालिया, येमेन आणि उत्तर कोरियासाठी हीच तारीख १ मार्च २०११ आहे. 'हो' म्हटलं की एस्टा बाद. 'नाही' म्हटलं आणि तिकिटाच्या नोंदीतून किंवा फोनमधल्या फोटोंतून उघड झालं, तर ती खोटी माहिती ठरते. त्यावर कायमच्या प्रवेशबंदीचं कलम आहे.
ज्यांचा एस्टा चालू आहे त्यांनी 'अजून वर्षभर आहे की' म्हणून गाफील राहू नये. सहलीनंतर त्या प्रश्नाचं उत्तर बदलतं, म्हणून नवा अर्ज करावा लागतो, आणि तो मंजूर होत नाही.
अमेरिका बंद झाली असं मात्र नाही. बी१/बी२ म्हणजे पाहुण्यांचा व्हिसा काढायचा: डीएस-१६० अर्ज, १८५ डॉलर फी (नकार आला तरी परत नाही), लंडनला नाइन एल्म्सच्या अमेरिकी वकिलातीत मुलाखत. मुलाखतीची तारीख मात्र तालमी बघून मिळत नाही.

प्रेषक: नाट्यविभाग
हा नियम क्यूबा अमेरिकेच्या दहशतवाद-समर्थक देशांच्या यादीत आहे म्हणूनच ना? त्यातून तर काढलंय ना? पेपरात वाचल्याचं आठवतं. आणि नटांनी सुटीत कुठे जायचं हे प्रवास समितीने ठरवायचं नाही, गेल्या वार्षिक सभेत हे स्पष्ट झालं होतं.

प्रेषक: प्रवास समिती
काढायची घोषणा १४ जानेवारी २०२५ ला झाली, नव्या अध्यक्षांनी २० तारखेला ती फिरवली. सहा दिवसांची बातमी तुमच्या लक्षात राहिली, पुढची राहिली नाही. सभेचं नंतर बोलू.

प्रेषक: कोथरूडचे काका
आम्ही दोघं भारतीय पासपोर्टवर. अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा जुन्या पासपोर्टात आहे, तो रद्द होईल का? मुलगा ब्रिटिश पासपोर्टवर, ओसीआय आहे, दोन वर्षांपासून बाणेरला राहतो. त्याचं कसं?

प्रेषक: प्रवास समिती
काका, तुमच्या दोघांचं सोपं आहे. एस्टा ज्या देशांच्या नागरिकांना मिळतो त्यांत भारत नाही, त्यामुळे हा नियम तुम्हाला लागतच नाही. क्यूबाला गेलात म्हणून व्हिसा आपोआप रद्द होत नाही. जुना आणि नवा असे दोन्ही पासपोर्ट सोबत ठेवा, व्हिसाचं पान फाडू नका. पुढच्या वेळी डीएस-१६० भरताना मात्र गेल्या पाच वर्षांतले देश विचारतात, तिथे क्यूबा लिहायचं. लिहिल्याने फार तर दोन प्रश्न जास्त विचारतील. लपवलं तर जड जातं.
मुलाची गोष्ट वेगळी. एस्टाला तो ब्रिटिशच, ओसीआय म्हणजे भारताचं नागरिकत्व नव्हे. पण अर्जात 'पूर्वी दुसऱ्या देशाचे नागरिक होतात का' असंही विचारतात, तिथे भारत लिहायचं. क्यूबाला गेला तर त्याला व्हिसा लागेल. सप्टेंबर २०२५ पासून अर्ज नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच करायचा असतो. तो पुण्यात खरोखर राहतो, म्हणजे मुंबईतून अर्ज करता येईल. भाडेकरार, वीजबिल असा वास्तव्याचा पुरावा जोडा. मुंबईत दोन भेटी लागतात, आधी बोटांचे ठसे आणि फोटो, मग बीकेसीत मुलाखत. दोन्ही एका दिवशी मिळतील हे गृहीत धरू नका.

प्रेषक: खजिनदार
फोटो २ बाय २ इंच, पांढरी पार्श्वभूमी, चष्मा काढून. पुण्यात स्टुडिओवाले सवयीने ३५ बाय ४५ मिलिमीटरचा काढतात, तो चालत नाही. आधीच सांगा, नाहीतर पुन्हा फेरी.

प्रेषक: एक सदस्य
दुसरा ब्रिटिश पासपोर्ट काढून त्यावर क्यूबाला गेलं तर? इस्रायलसाठी लोक करतात.

प्रेषक: प्रवास समिती
त्या दोन गोष्टींची गल्लत करू नका. इस्रायल २०१३ पासून पासपोर्टवर शिक्का मारत नाही, निळी चिठ्ठी देतात. तरी जॉर्डनच्या वादी अराबा नाक्याचा शिक्का बोलतो, कारण त्या नाक्यापलीकडे इस्रायलशिवाय दुसरं काही नाहीच. लेबनॉन, इराण वगैरे देश पासपोर्टाची पानं बघतात, म्हणून तिथे दुसऱ्या पासपोर्टाचा उपयोग. अमेरिका पानं बघत नाही, ती तुम्हाला विचारते. पासपोर्ट दोन असले तरी माणूस एकच.

प्रेषक: एक सदस्य
माझी बहीण न्यू जर्सीला असते, ग्रीनकार्ड आहे. ती पुण्याहून आमच्याबरोबर येणार होती.

प्रेषक: प्रवास समिती
ताईंनी येऊ नये. तिथले नागरिक आणि ग्रीनकार्डवाले यांना निव्वळ पर्यटनासाठी क्यूबाला जायला त्यांच्याच कायद्याने मनाई आहे. नातेवाइकांची भेट, पत्रकारिता असे ठरलेले १२ प्रकार आहेत, सहल त्यात नाही. पुण्यातून निघालं किंवा पैसे रुपयांत भरले तरी तोच नियम.

प्रेषक: नाट्यविभाग
२०१९ ला जाऊन आलेल्यांचं काय? दोघे आहेत, एक तबल्यावर.

प्रेषक: प्रवास समिती
तेव्हाची भेट मोजत नाहीत. तबला सुरक्षित.

प्रेषक: सचिव
सात नटांपैकी भारतीय पासपोर्टवर कोण, ब्रिटिशवर कोण, हे उद्या दुपारपर्यंत मलाच कळवा, सगळ्यांना उत्तर नको. ब्रिटिशवाल्यांना सहल अधिवेशनाच्या नंतर ठेवता येईल का ते टूरवाल्यांना विचारलंय. अनामत तोवर कुणी भरू नये.

प्रेषक: कोथरूडचे काका
आम्ही भरली. पावती जोडली आहे.