अनुभव धागा: बाईकचे जादा दिवे, वायरिंग आणि आरटीओ

काल ताम्हिणीत समोरून एक बाईक आली. बाईक दिसलीच नाही, नुसते दोन पांढरे गोळे. कडेला थांबलो आणि बाबांची राजदूत आठवली. सहा व्होल्टचा कारभार. रेस पिळली की उजेड, वळणावर सोडली की काजवा. बाबा घाटात उगाचच गाडी घुमवत बसायचे, मागे आई ओरडायची, "अहो, पुढं तरी चला!"

आता बाजारात शंभर प्रकारचे दिवे आहेत. तुम्ही कुठले लावले, वायरिंग कसं केलं, कुणी अडवलं का? लिहा.

किकस्टार्ट
रिलेशिवाय (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावू नका. हँडलवरच्या बटनातून सगळा करंट नेला की बटन तापून वितळतं. बॅटरी प्लस ते फ्यूज, तिथून रिलेची ३० नंबरची पिन. ८७ वरून दिवे. ८५ बॉडी अर्थला. ८६ ला बटनामार्गे अप्परची (लांबच्या झोताची) वायर द्या, म्हणजे डिप्परवर (खालच्या झोतावर) आलात की जादा दिवे आपोआप बंद. २० वॅटचे दोन म्हणजे साडेतीन अँपिअरच्या आतच, ५ चा फ्यूज पुरतो. ३० अँपिअरचा टाकून "आता उडत नाही" म्हणणारे बघितलेत. अरे, तो उडायलाच असतो!

रांगडा_कोल्हापुरी
भावा आमच्या गल्लीतल्या बुलेटवर सहा दिवे हैत. गणपतीत मंडपाला लायटिंग करायची गरज न्हाई

वकीलीणबाई
सहा?? केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १०६ वाचा. दिव्याचा झोत कायम खाली वळलेला हवा. ८ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत त्याला दिपायला नको. स्पॉटलाईट तर १११ प्रमाणे नोंदणी अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय चालतच नाही. "दुकानात मिळतो म्हणजे कायदेशीर" हे रोज ऐकते. कुकर आलाय, नंतर लिहिते.

किकस्टार्ट
@वकीलीणबाई हेच भिंतीवर खडूची रेघ मारून घरी बघता येतं. फक्त मागे माणूस बसवून बघा. मागचं शॉकअप दबलं की झोत वर जातो, आणि एकट्याने केलेलं सेटिंग वाया.

श्टुटगार्टकर
इकडे जर्मनीत दिव्याच्या काचेवर मंजुरीची खूण, म्हणजे गोलातलं ई आणि देशाचा आकडा, नसेल तर दर दोन वर्षांच्या तपासणीत गाडी परत पाठवतात. पुण्याहून आणलेले दिवे कपाटात पडून आहेत. बायको विचारते, चकलीचा सोऱ्या का नाही आणला त्या जागेत.

आंबोलीचा_पाऊस
पिवळा की पांढरा यावर भांडणारे दिवे कुठे बसवलेत ते सांगत नाहीत. धुक्यात वर बसवलेला दिवा धुकंच उजळतो, समोर नुसती भिंत. लेग गार्डला खाली लावा, वरून कापलेला रुंद झोत हवा. रस्त्याचा पांढरा पट्टा दिसला की बास. धुक्यात अप्पर नको, त्यामुळे माझ्या फॉगला ८६ अप्परवरून नाही, पार्किंगच्या वायरीवरून आहे.

मी_मुलुंडची
माझ्या स्कूटीला चालेल का? भाऊ म्हणतो बॅटरी उतरेल

किकस्टार्ट
भाऊ बरोबर बोलतोय. छोटी बॅटरी, छोटं चार्जिंग. आधी हेडलाईटची काच घासून घ्या, निम्मा उजेड तिथेच अडकलेला असतो.

सासवडचा_अंजीर
आमच्याकडे सर्व्हिस सेंटरवाल्याने कापलेली वायर बघून इलेक्ट्रिकलची वॉरंटी नाकारली. आता कपलरवाला हार्नेस (नुसता खोचायचा तयार वायरींचा जुडगा) घेतलाय, मूळ वायरिंगला कात्री नाही. सर्व्हिसला द्यायच्या आधी काढून ठेवतो.

रांगडा_कोल्हापुरी
@सासवडचा_अंजीर काढून ठिवतो म्हंजे लग्नातल्या दागिन्यागत 😂

मी_मुलुंडची
काच टूथपेस्टने घासली. आई विचारतेय पेस्ट कुणी संपवली

आंबोलीचा_पाऊस
धागाकर्ते, ताम्हिणीत कुठे थांबलात? ती भजीवाली मावशी अजून बसते का?

धागाकर्ता
बसते की. कांदाभजी आणि वर मिरची फुकट. रविवारी जाताय का कुणी?