मदत हवी आहे: चार्टर शाळेत मुलीला पुढे ठेवावे, की बेस स्कूलमध्ये (घराच्या पत्त्यावरून ठरणाऱ्या सरकारी शाळेत) हलवावे? (वेक काउंटी, नॉर्थ कॅरोलिना)

शाळाशोध:

नमस्कार. आम्ही कॅरीच्या पश्चिम भागात राहतो. मुलगी दुसरीत असून किंडरगार्टनपासून घराजवळच्या एका चार्टर शाळेत जाते. धाकटा मुलगा येत्या वर्षी किंडरगार्टनमध्ये जाईल आणि त्याच्यासाठी त्याच शाळेच्या लॉटरीचा अर्ज जानेवारीअखेर भरायचा आहे. भावंडांना मिळणारे प्राधान्य मुलगी त्या शाळेत राहणार असेल तरच उपयोगाचे, त्यामुळे एका मुलाचा निर्णय घेताना दोघांचा घ्यावा लागतो आहे. शाळेचे नाव मुद्दाम लिहीत नाही. कोणी ओळखले तरी कृपया येथे लिहू नये.

भारतात असलेल्या वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण देते. माझी आई साताऱ्याकडे शिक्षिका होती. तिला हा प्रकार सांगितला तेव्हा तिने लगेच विचारले, "फी नाही, पैसा सरकारचा आणि चालवते संस्था, म्हणजे आपली अनुदानित शाळाच ना?" बऱ्याच अंशी ते खरे आहे. फरक असा की अनुदानित शाळेत शिक्षकांची वेतनश्रेणी सरकार ठरवते आणि नेमणुकीला शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता लागते, तर चार्टर शाळेत या दोन्ही गोष्टी शाळेचे संचालक मंडळ ठरवते. त्या बदल्यात राज्य सरकार शाळेला ठरावीक मुदतीची सनद देते आणि निकाल किंवा हिशेब बिघडले तर ती काढून घेऊ शकते. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की प्रवेश लॉटरीने होतो. या राज्यात हा कायदा १९९६ साली झाला, २०११ पर्यंत शंभर शाळांची मर्यादा होती आणि ती उठल्यावर आज दोनशेहून अधिक चार्टर शाळा आहेत.

आम्ही ही शाळा कशी निवडली, हे प्रामाणिकपणे सांगायचे तर फक्त एका अक्षरावरून निवडली. राज्य सरकार दर वर्षी प्रत्येक सार्वजनिक शाळेला ए ते एफ अशी श्रेणी देते आणि या शाळेला बी होती. आमच्या बेस स्कूललाही बीच होती, पण लॉटरी लागली की माणसाला आपण काहीतरी जिंकलो असे वाटते. माहितीच्या संध्याकाळी गणवेश, शिस्त आणि छोटे वर्ग यांविषयी ऐकले आणि आम्ही होकार देऊन मोकळे झालो.

ती श्रेणी कशी काढतात, हे मी या दिवाळीच्या सुमारास प्रथमच नीट वाचले. तिचा ८० टक्के भाग किती मुले परीक्षेत उत्तीर्ण पातळीवर आहेत यावर असतो आणि एका वर्षात मुलांची प्रगती अपेक्षेच्या तुलनेत किती झाली याला फक्त २० टक्के वजन मिळते. म्हणजे ज्या शाळेत मुळातच घरी अभ्यास घेणाऱ्या पालकांची, शनिवारी गणिताच्या शिकवणीला जाणारी मुले येतात, त्या शाळेने वर्षभर फार काही न करताही बी मिळवणे शक्य आहे. आमच्या शाळेच्या अहवालात त्याच अक्षराच्या खाली सलग दोन वर्षे "अपेक्षित प्रगती साधली नाही" असा शेरा आहे. आम्ही तो पाहिलाच नव्हता. शिवाय राज्याच्या ईओजी (वर्षअखेरच्या) परीक्षा तिसरीपासून सुरू होतात, त्यामुळे माझी मुलगी ज्या तीन इयत्तांत शिकली त्यांचा त्या अक्षराशी थेट संबंधच नाही.

आता तिच्याविषयी. शाळा वर्षातून तीनदा मॅप ही मुलांची प्रगती मोजणारी संगणकावरची चाचणी घेते. पहिलीच्या सुरुवातीला गणितात तिचा गुणांक १७० आणि पर्सेंटाइल ७८ (म्हणजे शंभरातल्या ७८ मुलांच्या पुढे) होते. यंदा दुसरीच्या सुरुवातीला गुणांक १७८ आणि पर्सेंटाइल ५९ आले. पालकसभेत शिक्षिकेने आठ अंकांची वाढ झाल्याचे कौतुकाने सांगितले. घरी आल्यावर नवऱ्याने अहवाल उलटा करून पाहिला, तर अपेक्षित वाढीच्या रकान्यात १५ लिहिले होते. मूल मोठे होते तसा हा गुणांक बहुतेक सर्वांचाच वाढतो, आणि पर्सेंटाइल घसरले याचा अर्थ तिच्या वयाची इतर मुले तिच्याहून अधिक वेगाने पुढे गेली. वाचनात मात्र ती ऐंशीच्या आसपास टिकून आहे, पण त्याचे श्रेय मी शाळेपेक्षा कॅरीच्या सार्वजनिक ग्रंथालयाला आणि रात्रीच्या गोष्टींना देईन.

पहिलीत असताना तिच्या शिक्षिका नोव्हेंबरमध्ये नोकरी सोडून गेल्या. त्यानंतर दोन बदली शिक्षक आले आणि मार्चपर्यंत वर्ग प्रत्यक्षात मदतनीस बाई चालवत होत्या. शाळेने याविषयी पालकांना एक ओळीचा ईमेल पाठवला होता.

चांगल्या गोष्टीही सांगितल्या पाहिजेत. मुलगी शाळेत आनंदाने जाते, वर्गात वीसच मुले आहेत, मुख्याध्यापिका तिला नावाने हाक मारतात आणि ध्वनींवरून वाचायला शिकवण्याची त्यांची पद्धत उत्तम आहे. शाळेची बस नाही, त्यामुळे दुपारी कारपूलच्या रांगेत अर्धा तास जातो, आणि जेवणाची सोय नसल्याने रोज डबा द्यावा लागतो. डब्याचे काही नाही, तो एरवीही दिलाच असता.

माझे प्रश्न असे आहेत. चार्टर शाळेत मुलांना काही वर्षे घातलेल्या पालकांनी अभ्यासाची खरी स्थिती कशी पारखली? दुसरीतल्या मुलीच्या दोन चाचण्यांवरून इतका मोठा निष्कर्ष काढणे योग्य आहे का? आणि शाळेला नेमके काय विचारावे, म्हणजे गोड बोलून वाटेला लावणार नाहीत?

---

कॅरीकर:

माझा मोठा मुलगा पाचवीपर्यंत चार्टर शाळेत होता आणि आता डिस्ट्रिक्टच्या (म्हणजे काउंटीच्या सरकारी) मिडल स्कूलमध्ये आहे, म्हणून दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. अक्षराविषयी तुम्ही लिहिले आहे ते बरोबर आहे, पण प्रगतीचा शेराही एकत्रित न पाहता वाचन आणि गणित वेगवेगळे काढून निदान तीन वर्षांचे पाहावेत. आमच्या शाळेत वाचन उत्तम होते आणि गणित दर वर्षी घसरत होते, पण एकत्रित शेऱ्यात ते झाकले जात असे.

शिक्षक किती टिकतात हे मात्र मी सगळ्यांत आधी विचारेन. या राज्यात चार्टर शाळेतील निम्म्या शिक्षकांकडे परवाना असला तरी कायद्याला चालते. परवाना नसलेला प्रत्येक शिक्षक वाईट असतो असे माझे म्हणणे नाही. माझ्या मुलाला विज्ञान आवडू लागले ते अशाच एका बाईंमुळे, आणि त्या पूर्वी प्रयोगशाळेत काम करत होत्या. परंतु दर वर्षी नवे चेहरे दिसत असतील तर अभ्यासक्रम कितीही चांगला असो, तो मुलांपर्यंत पोहोचत नाही. संचालक मंडळाच्या बैठका सर्वांना खुल्या असतात आणि इतिवृत्तही मागता येते. राजीनामे आणि नेमणुका त्यात बहुधा नोंदलेल्या असतात. शाळा नफ्यासाठी काम करणाऱ्या एखाद्या व्यवस्थापन कंपनीकडून चालवली जात असेल तर इमारतीचे भाडे आणि व्यवस्थापन शुल्क किती जाते, तेही तिथेच कळते.

आणखी दोन गोष्टी सांगतो. पश्चिम कॅरी आणि मॉरिसव्हिलकडे काही शाळांमध्ये नव्या प्रवेशांवर मर्यादा घातलेली असते, त्यामुळे बेस स्कूल हक्काचे आहे असे गृहीत धरू नका. तिथे जागा नसेल तर मुलीला दूरच्या शाळेत पाठवतील. दुसरे असे की वेक काउंटीत तिसरीच्या सर्व मुलांची एआयजीसाठी (विशेष हुशार मुलांच्या कार्यक्रमासाठी) कॉगॅट ही तर्कशक्तीची चाचणी होते, पण चार्टर शाळेवर तशी सक्ती नाही. तुमच्या शाळेत काय करतात, हे आताच विचारून ठेवा.

---

निळावंती:

आमचा अनुभव बरोबर उलटा आहे. शार्लटजवळच्या आमच्या चार्टर शाळेला सी श्रेणी आहे आणि ओळखीचे लोक ते ऐकून चेहरा पाडतात. परंतु प्रगतीचा शेरा अनेक वर्षे "अपेक्षेपेक्षा अधिक" असा आहे. मुलाला बोलण्यात अडचण होती आणि त्याला कायद्याने देय असलेली सेवा, तिची लेखी योजना, तिचा आढावा हे सर्व शाळेने न मागता वेळेवर केले. त्याआधीच्या ए श्रेणीच्या शाळेत त्यासाठी आम्हाला सहा महिने पत्रव्यवहार करावा लागला होता. त्यामुळे चार्टर की डिस्ट्रिक्ट, हा प्रश्नच मला आता फारसा महत्त्वाचा वाटत नाही.

---

खडूफळा:

मी डरहॅमजवळ प्राथमिक शाळेत शिकवते आणि त्यापूर्वी तीन वर्षे एका चार्टर शाळेत शिकवत होते, म्हणून मॅप चाचणीविषयी थोडे सविस्तर लिहिते.

ताई, तुमची काळजी निराधार नाही, पण एक गोष्ट तपासा. या चाचणीची दुसरीपर्यंतची आवृत्ती वेगळी असते आणि तिच्यात प्रश्न हेडफोनमधून वाचून दाखवले जातात. दुसरीपासून पुढच्या आवृत्तीत मुलाने स्वतः वाचायचे असते. बऱ्याच शाळा दुसरीच्या सुरुवातीलाच आवृत्ती बदलतात आणि त्या टप्प्यावर अनेक मुलांचे गुण घसरल्यासारखे दिसतात. तुमच्या मुलीला यंदा कोणती आवृत्ती दिली, हे शिक्षिकेला विचारा. तिने चाचणीला किती मिनिटे लावली, हेही अहवालात असते. या चाचणीला वेळेची मर्यादा नसते. सात वर्षांचे मूल पंधरा मिनिटांत उठले असेल, तर ते गणित आहे की खेळायला जाण्याची घाई, हे कोणालाच सांगता येणार नाही. पटापट अंदाजाने टिचकी मारली तर प्रणाली तशी नोंदही करते. शेवटी, एकूण आकड्यापेक्षा उपविभाग पाहा. संख्या आणि स्थानिक किंमत हा भाग कच्चा असेल तर तिसरीत गुणाकार आणि अपूर्णांक सुरू झाल्यावर तो नक्की बोचतो, भूमितीचा भाग कच्चा असेल तर मी फारशी चिंता करणार नाही.

शाळेला "गणित कसे चालले आहे" असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर "छान" असेच येते. रोज गणिताला किती मिनिटे देता, कोणता अभ्यासक्रम वापरता, तो किती वर्षांपासून आहे, आणि मागे पडलेल्या मुलांना आठवड्यातून किती वेळा वेगळे बसवून शिकवता, असे मोजता येणारे प्रश्न विचारा.

चार्टर शाळांच्या बाजूने स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रेडो या संशोधन केंद्राच्या २०२३ च्या अहवालाचा दाखला हमखास दिला जातो. चार्टरमधील मुले तुलनेच्या मुलांपेक्षा वर्षाला वाचनात सरासरी १६ दिवसांच्या आणि गणितात ६ दिवसांच्या शिक्षणाइतकी पुढे असल्याचे त्यात म्हटले आहे. पण त्याच अहवालात पूर्णपणे ऑनलाइन चालणाऱ्या चार्टर शाळांतील मुले गणितात १२४ दिवसांनी मागे आहेत. एकाच नावाखाली इतक्या वेगळ्या शाळा येत असतील, तर त्या सरासरीवरून तुमच्या गल्लीतल्या शाळेविषयी काहीच ठरवता येत नाही.

---

शाळाशोध:

सर्वांचे मनापासून आभार. मधल्या दोन आठवड्यांत जे कळले ते लिहिते, म्हणजे पुढे कोणाला उपयोग होईल.

खडूफळा, तुमचा अंदाज निम्मा बरोबर निघाला. यंदा आवृत्ती बदलली होती आणि मुलीने चाचणी १९ मिनिटांत संपवली होती, तर पहिलीत तिला ४८ मिनिटे लागली होती. तिला विचारले तेव्हा तिने अगदी सहज सांगितले की जो आधी संपवेल त्याला चित्र काढायला मिळत होते. मात्र स्थानिक किंमतीचा भाग पहिलीच्या अखेरच्या चाचणीतही खालीच होता आणि तेव्हा आवृत्ती जुनी होती, घाईही नव्हती. म्हणजे घसरण दिसते तितकी मोठी नाही, पण खोटीही नाही. घरी सुट्या नाण्यांनी दशक-एकक करून पाहिले, तर चाळीस वजा सतरा करताना ती बोटांवर मोजत होती.

शाळेला लेखी प्रश्न पाठवले. गणिताला रोज ४५ मिनिटे देतात, अभ्यासक्रम गेल्या वर्षीच बदलला आहे आणि मागे पडलेल्या मुलांसाठी गणितात वेगळा तास नाही, तो फक्त वाचनासाठी आहे. पहिली आणि दुसरीच्या सहा शिक्षकांपैकी चार जण दोन वर्षांत सोडून गेले. हे उत्तर मुख्याध्यापिकांनी न टाळता दिले, याचे मला बरे वाटले आणि आकडा वाचून वाईटही वाटले. एआयजीची व्यवस्था शाळेत नाही.

कॅरीकर, बेस स्कूलवर सध्या प्रवेशमर्यादा नाही. तिथल्या गणिताच्या प्रगतीचा शेरा तीनपैकी दोन वर्षे "अपेक्षेपेक्षा अधिक" आहे. त्यामुळे धाकट्याचा लॉटरीचा अर्ज भरून ठेवला आहे, कारण अर्ज भरल्याने आपण बांधले जात नाही. मुलीची जानेवारीतली चाचणी, या वेळी चित्रांचे आमिष न दाखवता, होऊ द्यायची आणि तिचे काहीही निघाले तरी स्थानिक किंमतीचा अभ्यास घरी सुरू ठेवायचा, असे ठरवले आहे. आज विचारल्यास तिसरीसाठी बेस स्कूलकडेच आमचा कल आहे.

एक अडचण उरते, आणि तिच्याविषयी कोणाचा अनुभव असल्यास जरूर लिहावे. बेस स्कूल वर्षभर चालणारी चार ट्रॅकची शाळा आहे, म्हणजे मुलांचे चार गट पाळीपाळीने सुट्टीवर जातात आणि प्रत्येकाला नऊ आठवडे शाळा आणि तीन आठवडे सुट्टी (ट्रॅक-आउट) असते. मुलगी तिथे गेली आणि धाकट्याला चार्टर शाळेतच जागा मिळाली, तर दोन मुलांची दोन वेगळी वेळापत्रके होतील. आम्ही दोघेही कार्यालयात जाऊन काम करतो. अशी दोन वेळापत्रके कोणी सांभाळली आहेत का, आणि ट्रॅक-आउटच्या तीन आठवड्यांत मुलांची सोय कशी केली?