पुन्हा पुन्हा वापरता येईल असा लढाईचा नकाशा सोलापुरात कसा करून घ्यावा?

जुळे_सोलापूरकर (प्रश्न)

आमचा गट रविवारी दुपारी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा काल्पनिक साहसांचा खेळ खेळतो, ज्यात प्रत्येक जण एक पात्र होतो आणि लढाईत पात्रांच्या सोंगट्या चौकोनी नकाशावर हलतात, आणि खेळ चालवण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. सध्या प्रत्येक लढाईचा नकाशा मी चार्ट पेपरवर एक इंची चौकोन आखून काढतो; लढाई तासाभरात संपते, आखणीत मात्र आदली संध्याकाळ जाते आणि तो कागद पुढे रद्दीत टाकण्यापलीकडे कामाचा राहत नाही. परदेशी व्हायनिल मॅट टपालखर्चासह परवडत नाही. म्हणून चौकोन छापलेला तीन फूट बाय दोन फूट फ्लेक्स करून घ्यावा आणि त्यावर व्हाइटबोर्ड मार्करने भिंती, दारे, झाडे काढून पुसत जावे, असा विचार आहे. फ्लेक्सच्या एका तुकड्यावर चाचणी घेतली, तेव्हा काळी रेघ लगेच पुसल्यावर निघाली. रात्रभर राहू दिलेल्या लाल रेघेचा गुलाबी डाग मात्र साबणानेही गेला नाही. फ्लेक्स, लॅमिनेशन की अ‍ॅक्रिलिक, यांपैकी काय घ्यावे? सामान दुचाकीवरून न्यावे लागते, हे कृपया लक्षात घ्यावे.

फासे_आणि_फुटपट्टी

तुमच्या चाचणीतच अर्धे उत्तर आहे. फ्लेक्स म्हणजे मऊ पीव्हीसी. त्याला मऊपणा यावा म्हणून जो तेलकट घटक मिसळलेला असतो, त्यात मार्करचा रंग हळूहळू उतरतो. व्हाइटबोर्ड मार्कर कडक, गुळगुळीत पृष्ठभागासाठी असतो, कारण तिथे शाई वरच्या वर राहते. लाल रंग सर्वांत हट्टी असतो, आणि चैत्र-वैशाखात, जेव्हा सोलापूरचा पारा चाळीशी ओलांडतो, तेव्हा हा सगळा प्रकार अधिक वेगाने होतो. परदेशी व्हायनिल मॅटवरही याच कारणाने व्हाइटबोर्ड मार्कर वापरू नये असे सांगतात. तिथे ओल्या कापडाने पुसले जाणारे पेन लागतात. आपल्याकडे ओएचपी मार्कर (ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शक शीटवर लिहायचे पेन) म्हणून जे मिळतात, त्यांतले पाण्याने पुसले जाणारे घ्यावेत. त्याच नावाने पक्क्या शाईचेही मिळतात, त्यामुळे वेष्टन वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

तरीही माझा सल्ला असा की फ्लेक्सवर काही काढूच नये. फ्लेक्सवर फक्त चौकोन असावेत आणि त्यावर जेवणाच्या टेबलावर अंथरतात तसली पारदर्शक प्लॅस्टिक शीट टाकावी. ती मीटरवर मिळते. ती शीटही पीव्हीसीचीच असल्यामुळे पेन ओएचपीचाच हवा, पण ती खराब झाली तर उलटता येते किंवा तेवढीच बदलता येते, छपाईचा खर्च पुन्हा पडत नाही. अ‍ॅक्रिलिक टेबलावर छान दिसते, परंतु दुचाकीवर तीन फुटांचा पत्रा सांभाळणे अवघड आहे, शिवाय स्पिरिटने पुसल्यास त्यावर बारीक तडे जातात.

छपाईवाला_४१३

मी याच व्यवसायात आहे, म्हणून दोन गोष्टी सांगतो. चौकोन जेपीजी चित्रात आणू नका. ऑपरेटरला कोरल ड्रॉमध्ये ३६ बाय २४ इंचांचे पान घेऊन त्यावर एक इंचाची जाळीच काढायला सांगा. पानात बसवण्यासाठी चित्र जरा लहान केले गेले, तर चौकोन इंचाला थोडा कमी भरतो; एका चौकोनात ते कळत नाही, पण ३६ चौकोनांनंतर तो फरक इंचाच्या वर जातो आणि एक इंची बैठकीच्या सोंगट्या शेजारी शेजारी ठेवल्या की एकमेकींना ढकलू लागतात. छापून झाल्यावर दुकानातच टेप लावून मोजावे. रेषा काळ्या नकोत, तीस टक्के करड्या पुरेत, नाहीतर तुमच्या भिंती जाळीत हरवतील. साधा फ्लेक्स खरखरीत असतो, स्टार फ्लेक्स थोडा महाग पण सपाट असतो. या कामाला तोच मागावा. नव्या छपाईला शाईचा वास असतो, तो जाईपर्यंत फ्लेक्स वाऱ्यावर टांगावा आणि त्यावर स्पिरिट कधीही लावू नये, डागाबरोबर जाळीही जाईल.

तळघरातली_वाट

मला लॅमिनेशन अधिक सोयीचे वाटते. ए-थ्री कागदावर पूर्ण चौकोन ११ बाय १६ बसतात. चार कागद जोडले की २२ बाय ३२, म्हणजे एका चौकोनाला पाच फूट या हिशेबाने ११० बाय १६० फुटांचे रणांगण मिळते, आणि ज्या पात्राची चाल तीस फूट आहे त्याला ते एका फेरीत ओलांडता येत नाही. कागद चौकोनाच्या रेषेवर कापून मग लॅमिनेट करावेत आणि मागून पारदर्शक चिकटपट्टीने जोडावेत. पुस्तकासारखी घडी होऊन सगळे पिशवीत मावते. दोन कागद पाठीला पाठ लावून एकत्र लॅमिनेट केले, तर एका बाजूला फरशी आणि दुसऱ्या बाजूला माळरान मिळते. फिल्म चकचकीतच घ्यावी. ट्यूबलाइटची तिरीप येते हे खरे, पण बिनचमकीच्या (मॅट) फिल्मच्या खडबडीत पृष्ठभागात शाई अडकते. या फिल्मवर व्हाइटबोर्ड मार्कर चालतो, मात्र खेळ संपल्याबरोबर पुसायला हवे.

जाता जाता एक सांगते. त्यावर आधीच खाणावळ किंवा गुहा छापून घेण्याचा मोह टाळावा, कारण खेळाडू तीच खाणावळ दुसऱ्यांदा लगेच ओळखतात. कोऱ्या जाळीवर आपला भुईकोट काढून पाहा: दुहेरी तटबंदी, खंदक आणि एका अंगाला सिद्धेश्वर तलाव. दोन तटांच्या मधल्या पट्टीत अडकलेल्या गटाची जी त्रेधा उडते, ती कोणत्याही विकतच्या नकाशात मिळणार नाही.

जुळे_सोलापूरकर

सर्वांचे आभार. आमच्याकडे लढाई अनेकदा अर्धवट थांबते आणि नकाशा आठवडाभर तसाच ठेवावा लागतो, त्यामुळे लगेच पुसण्याची अट जमणार नाही. स्टार फ्लेक्स, वर पारदर्शक शीट आणि ओएचपी मार्कर, हेच करतो. गुंडाळी करताना शीटवरची शाई फ्लेक्सला लागेल का?

फासे_आणि_फुटपट्टी

शीट वेगळी गुंडाळावी आणि मध्ये एक जुने वर्तमानपत्र घालावे. कापडाच्या दुकानात ताग्याच्या आतली पुठ्ठ्याची नळी बहुधा फुकट मिळते. फ्लेक्स तिच्यावर छापील बाजू बाहेर ठेवून गुंडाळला, तर टेबलावर पसरल्यावर कडा वर उचलल्या जात नाहीत. गाडीच्या डिकीत मात्र दुपारभर ठेवू नये.