मदत हवी आहे: शार्डोनेच्या (वाइनचं पांढरं द्राक्ष) मेळाव्याला चाललोय, दिंडोरीच्या उन्हात कामी येईल असं काय विचारू?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकजवळच्या दिंडोरी तालुक्यातला, घरची द्राक्षबाग, थॉमसन आणि थोडी सोनाका, म्हणजे खायची द्राक्षं. कॅनडात नायगारा कॉलेजला वायनरीचा कोर्स केला आणि आता इथे नायगारातच एका छोट्या वायनरीत सेलरमध्ये (वाइन तयार करून ठेवायच्या खोलीत) आहे, पद असिस्टंटचं आणि काम पाइप ओढायचं, टाक्या घासायचं. तर इथे २०११ पासून दर जुलैत इंटरनॅशनल कूल क्लायमेट शार्डोने सेलिब्रेशन भरतं, सगळे आयफोरसी म्हणतात. बाकी जेवणं आणि टेस्टिंग असतं, पण शुक्रवारी 'स्कूल ऑफ कूल' नावाने दिवसभर चर्चा असते, देशोदेशीचे वाइनमेकर बोलतात. यंदा मालकाने माझं पण तिकीट काढलंय.

हे घरी सांगितलं आणि चूक केली. तात्या लगेच म्हणाले, बरं झालं, एक जण करार करतो म्हणतोय, दोन एकर शार्डोने लाव म्हणतोय, तू तिथल्या मोठ्या लोकांना विचारून ये लावू का नको. आता मी काय विचारू? नावातच कूल आहे राव!

इथली सगळी भांडणं थंडीशी. पारा उणे २० च्या खाली गेला की काडीवरचे डोळे (पुढचे कोंब) मरायला लागतात म्हणून बागेत मोठाले पंखे उभे केलेत. माल काढायचा सप्टेंबर-ऑक्टोबरात, तोवर हवा गार झालेली असते, त्यामुळे रसात मॅलिक अॅसिड भरपूर राहतं. मग मॅलोलॅक्टिक करायचं, म्हणजे बॅक्टेरिया त्या कडक मॅलिकचं मऊ लॅक्टिक करतात, आणि शार्डोनेला जो लोण्याचा वास येतो तो त्यातल्याच डायअॅसिटिलचा.

आपल्याकडे उलटं. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी (फळासाठीची), आणि फेब्रुवारी-मार्चात माल तयार व्हायला आणि ऊन चढायला एकच गाठ. साखर पळत सुटते, मॅलिक उन्हात वेलीवरच जळून जातं, पीएच वर, म्हणजे आंबटपणा कमी. मग इथल्यासारखं मॅलोलॅक्टिक करून उरलंसुरलं अॅसिड पण घालवायचं का? चर्चेत 'तुम्ही थंडी कशी सांभाळता' यावर तासभर बोलतील आणि मी वहीत काय लिहिणार.

अजून एक माझं स्वतःचं. मागच्या हंगामात ७ नंबरच्या बॅरलला नुकत्याच विझवलेल्या आगकाडीचा वास आला, साहेब खूश, म्हणे फ्रान्सच्या बर्गंडीत लोक यासाठी पैसे मोजतात. त्याच रसाच्या ९ नंबरला मात्र सरळ सडकं अंडं. ते ऐकेनात, म्हणून मी एक ग्लास घरी आणला आणि आईने दिलेली पूजेची तांब्याची पळी त्यात फिरवली. अर्ध्या मिनिटात वास गायब! (आईला हे कळता कामा नये.) दोन्ही गंधकाचेच प्रकार, पण चांगला कुठे संपतो आणि वाईट कुठे सुरू होतो हे कोणी नीट सांगेल का? की हे पण तिथेच विचारू?

आणि हो, हसू नका, टेस्टिंगला चाखलेली वाइन पिकदाणीत चारचौघांत थुंकायची मला अजून लाज वाटते आणि गिळत बसलो तर जेवणाआधीच वही गळून पडेल.

गोडीछाटणी: अरे भाऊ, 'नाशिकला जमेल का' असं विचारू नकोस, गोड बोलून वाटेला लावतील. आकडे माग. काढणीच्या दिवशी ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) किती, पीएच किती, एकूण अॅसिड किती. आणि थंडीवाल्यांच्या मागे न लागता कॅलिफोर्निया किंवा ऑस्ट्रेलियाचा कोणी आलाय का बघ, गरम वर्षी ते काय करतात ते विचार. पहाटे अंधारात खुडा, मणी देठापासून न सोडवता अख्खे घड प्रेस, मॅलोलॅक्टिक अर्धंच किंवा अजिबात नाही, रसातच टार्टरिक अॅसिड घालायचं. आम्ही हेच करतो. पीएचला हलक्यात घेऊ नको, ३.२ ला मोकळा सल्फर (वाइन टिकवायला घालतात तो सल्फर डायऑक्साइड) साधारण २० पीपीएम पुरतो, तेवढ्याच संरक्षणाला ३.६ वर ५० लागतो. तात्यांचा माल स्पार्कलिंगला (बुडबुड्यांच्या वाइनला) जाणार असेल तर निम्मी चिंता मिटली, तो १८-१९ ब्रिक्सलाच निघतो, ऊन चढायच्या आत. आणि डॉगरिजच्या खुंटावर (कलमाच्या मुळावर) लावताय का? वेल माजेल, सावली होईल, भुरी येईल.

सेलरताई: आगकाडीचा वास ग्लास हलवून दहा मिनिटांनी पण राहतो आणि खाली फळ लागतं. अंड्याचा वास फळ झाकूनच टाकतो. रसात नायट्रोजन कमी पडला की यीस्ट उपाशी राहून तो काढतं, तेव्हा पुढच्या वेळी फर्मेंटेशनच्या आधी नायट्रोजन मोजा. पळीची आयडिया बरोबर आहे पण बॅरलमध्ये नको रे बाबा, तांब्याला कायद्याची मर्यादा असते. थुंकायचं म्हणशील तर आदल्या रात्री बेसिनपाशी पाण्याने प्रॅक्टिस कर, खरंच सांगते, मी केलीये.

धागाकर्ता: दोघांना मनापासून धन्यवाद. तात्यांना आत्ताच फोन लावला होता. करारात स्पार्कलिंग की साधी ते लिहिलेलं नाही, ब्रिक्सचा आकडा पण नाही, फक्त 'कंपनीला योग्य वाटेल तेव्हा काढणी'. मी शार्डोनेच्या मण्यांचा फोटो पाठवला तर म्हणाले, एवढ्याशा वाटाण्यांचा भाव किलोवर देणार का? मी म्हटलं तात्या, तुमचा प्रश्न माझ्यापेक्षा चांगलाय. कागद व्हॉट्सअॅपवर मागवलाय, आला की नावं झाकून इथे टाकतो, सही करायच्या आत जरा बघाल का?