‘पुट ऑफ’चे अर्थ नेमके किती?

प्रश्न :
दहावीतल्या मुलीचा अभ्यास घेताना ‘पुट ऑफ’ या क्रियापदापाशी आम्ही दोघेही अडलो आहोत. ‘द मीटिंग वॉज पुट ऑफ’ म्हणजे बैठक पुढे ढकलली, हे समजते. परंतु ‘द स्मेल पुट मी ऑफ माय फूड’ या वाक्यात तो अर्थ बसत नाही. शिवाय ‘कॉल ऑफ’हून हे वेगळे कसे आणि कर्म नेमके कुठे ठेवायचे, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ :
२०२० चे टोकियो ऑलिंपिक करोनामुळे २०२१ मध्ये झाले, म्हणून ते ‘पुट ऑफ’; १९४४ चे लंडनचे ऑलिंपिक दुसऱ्या महायुद्धामुळे झालेच नाही, म्हणून ते ‘कॉल्ड ऑफ’. कर्म नाम असेल तर ते मध्ये किंवा शेवटी चालते, पण सर्वनाम मध्येच हवे : ‘पुट इट ऑफ’ बरोबर, ‘पुट ऑफ इट’ चूक. पुढे क्रियापद आल्यास ‘ही पुट ऑफ गोइंग’ असेच लिहावे, ‘टू गो’ नव्हे. मुले इथे गुण घालवू शकतात.

प्रतिसाद २ :
अर्थ ओळखताना कर्म काय आहे ते आधी पाहावे. काम किंवा कार्यक्रम असेल तर ते लांबणीवर पडते. माणूस असेल तर बहुधा त्याचे मन उडते, आणि तुमच्या वाक्यात वासामुळे अन्नावरची वासनाच उडाली आहे. ‘ऑफ-पुटिंग’ हे विशेषण याच अर्थातून आले. उत्तर लिहिताना शेजारी कोणी बाकावर पेन आपटत असेल, तर ‘यू आर पुटिंग मी ऑफ’ म्हणजे माझे लक्ष विचलित होते आहे. हा वापर मुख्यतः ब्रिटिश इंग्रजीतला. मात्र ‘ही पुट द लँडलॉर्ड ऑफ विथ एक्स्क्यूजेस’ यात कर्म माणूस असूनही मन उडण्याचा संबंध नाही : भाडे मागायला आलेल्या घरमालकाला त्याने सबबी सांगून टोलवले. त्यामुळे केवळ कर्मावर विसंबू नये, पूर्ण वाक्य वाचावे.

प्रतिसाद ३ :
आपल्याकडे दिवा बंद करण्यासाठी ‘पुट ऑफ द लाइट’ सर्रास म्हणतात. बोलण्यात ते सर्वांना कळते, पण उत्तरपत्रिकेत ‘स्विच ऑफ’ किंवा ‘टर्न ऑफ’ लिहिणेच श्रेयस्कर.