नॉरफोकला मॅचला जाऊन 'गावात काही नाही' म्हणणाऱ्यांस

होकीबाई
रिचमंडकरांची परवाची पोस्ट ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आपल्या व्हर्जिनिया टेक कॉलेजची (अमेरिकन) फुटबॉल मॅच नॉरफोकला असेल तर जाणारे वेडे, आणि टेकनं तरी अशा लहान मैदानात जायचंच कशाला. पाण्याखालच्या बोगद्यात अडका, गल्लीएवढ्या मैदानाचं महागडं तिकीट काढा, वर हरून या, आणि गावात बघायला काय, तर खलाशी. खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. मला ते पचलं नाही, म्हणून हा वेगळा धागा.

मैदान लहान आहेच. नॉरफोकच्या ओल्ड डोमिनियन (ओडीयू) कॉलेजचं २२ हजारांच्या आतबाहेर, आपलं ब्लॅक्सबर्गचं लेन स्टेडियम ६५ हजारांच्या वर. पण लेनला वरच्या रांगेतून खेळाडू मुंग्यांसारखे दिसतात, इथे क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा गडी, ओरडतो ते ऐकू येतं. २०१८ ला मी तिथे होते. ओडीयू आधीचे तिन्ही सामने हरलेली, आपण देशात तेरावे. त्यांचा बदली क्वार्टरबॅक ब्लेक लारूसा उतरला, ४९५ यार्ड फेकून गेला, ४९-३५. अख्खं गाव मैदानात घुसलं. आम्ही टेकच्या मरून रंगाच्या टोप्या घालून मुकाट उभे, आणि ज्या म्हाताऱ्यानं चार तास आम्हाला डिवचलं त्यानंच नंतर गाडीपाशी बोलावून खाऊपिऊ घातलं. निवृत्त नौसैनिक. त्याची बोट भारताबरोबरच्या मलबार नौदल सरावासाठी गोव्याला आली होती, तिथला फिश करी राइस अजून आठवतो म्हणाला. हे टीव्हीवर दिसत नाही हो.

आणि गाव नौदलाचं आहे तर नौदलाचं म्हणून बघा ना. कॉलेज ज्या हॅम्प्टन बुलेवार्डवर आहे तोच रस्ता उत्तरेला जगातल्या सगळ्यात मोठ्या नाविक तळाच्या फाटकाशी जातो. आत जाता येत नसेल तर डाउनटाउनहून बोट सुटते, ती विमानवाहू नौकांच्या धक्क्यांसमोरून फिरवून आणते. नॉटिकस या सागरी संग्रहालयापाशी विस्कॉन्सिन ही युद्धनौका उभी आहे, १९४४ ची, १६ इंची नऊ तोफा. जपान, कोरिया आणि १९९१ चं आखाती युद्ध बघितलेली. क्रायसलर म्युझियम फुकट. दुसऱ्या महायुद्धातल्या जनरल मॅकआर्थरला इथेच पुरलंय. डूमारच्या खानावळीत अजून जुन्या यंत्रावर आइस्क्रीमचे कोन भाजतात. आणखी काय हवं होतं, वॉटरपार्क?

रिचमंडकर
बाई, आपण निबंध छान लिहिता. पण २०१८ चं कौतुक सांगताय, २०२२ चं का गाळलंत? ब्रेंट प्राय यांची प्रशिक्षक म्हणून पहिलीच मॅच, त्याच मैदानात, २०-१७. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात नेऊन द्यायचा कार्यक्रम होता तो. मी सहकुटुंब गेलो होतो. जाताना बोगदा, येताना बोगदा, मागच्या सीटवर ओकारी. हॉटेलवाल्यानं मॅचचा शनिवार-रविवार बघून भाडं दुप्पट केलेलं. एवढं सोसून पराभव बघायचा असेल तर तो माझ्या सोफ्यावरून स्वस्तात दिसतो.

नॉरफोकची सून
२०२२ ची मॅच शुक्रवारी होती, काका. लेबर डेची सुट्टी जोडून शुक्रवारी दुपारी आय-६४ नं निघालात आणि बोगद्याला शिव्या देताय?

आमच्याकडच्यांचं ऐका. ब्लॅक्सबर्गहून यायचं तर यूएस ४६० धरा. तोच रस्ता तुमच्या गावावरून जातो आणि नॉरफोकला येऊन संपतो. लिंचबर्ग, पीटर्सबर्ग, पुढे वेकफील्डच्या आजूबाजूचा शेंगदाण्याचा पट्टा, मग सफोक. पाचेक तास, बोगद्याशी संबंध नाही. तुम्हाला रिचमंडहून यायला लागतंच कशाला तिकडून, पीटर्सबर्गला उतरा आणि तोच धरा.

आणि तो बोगदा १९५७ पासून आहे तो हौसेनं नाही. नुसता पूल बांधला आणि युद्धात कुणी पाडला तर सगळं आरमार आत कोंडलं जाईल, म्हणून मधला भाग पाण्याखालून नेलाय. तुमच्या सोयीचा विचार कुणी केला नव्हता हे खरं.

आता माझी तक्रार. मॅचच्या दिवशी तुम्ही मंडळी लार्चमाँटमध्ये, म्हणजे कॉलेजशेजारच्या आमच्या वस्तीत, दारात गाड्या लावता. लावा. पण भरती बघून लावा! उधाण आणि ईशान्येचा वारा एकत्र आला की पावसाचा थेंब नसताना आमच्या रस्त्यावर खारं पाणी चढतं. मागे एका टेकवाल्याची नवी गाडी दारापर्यंत बुडाली आणि तो आमच्याच बेलवर हात ठेवून ओरडत होता.

डॉकयार्डपुत्र
विस्कॉन्सिनचा विषय निघाला म्हणून लिहितो. माझे वडील मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डात फिटर होते. नेव्ही डेच्या सुमारास आम्हाला विक्रांतवर नेत. हजारोंची रांग. १९९७ ला निवृत्त झाली, पुढे संग्रहालय म्हणून उभी होती, आणि २०१४ ला भंगारात, ६० कोटींना. ७१ च्या युद्धात फुटक्या बॉयलरनिशी चितगाव, कॉक्स बाजारवर सी हॉक विमानं सोडणारी बोट! नॉरफोक शहरानं २००९ ला विस्कॉन्सिनची मालकी स्वतःकडे घेतली. एका मध्यम शहराला जमतं ते मुंबईला जमत नाही. नॉटिकसला त्या डेकवर उभा राहिलो तेव्हा मला फुटबॉल आठवला नाही, संताप आला. अलंगला तुकडे केले तिचे.

टोमणेश्वर
झालं. धाग्याला विक्रांत लागली.

बंदरावरचा
अलंग नाही. विक्रांत मुंबईतच दारुखान्यात तोडली, अलंगला गेली ती विराट. रडायचं तर पत्ता तरी नीट शोधा. सांगाडा पार गंजला होता, नौदलानंच लोकांना चढवायला ती धोक्याची ठरवली, याचिका हायकोर्टातून सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि फेटाळली गेली. आणि 'आपण जपत नाही' हे पालुपद पुरे. विशाखापट्टणमला कुरसुरा पाणबुडी २००२ पासून किनाऱ्यावर आहे, आत शिरून बघता येते.

डॉकयार्डपुत्र
कुरसुरा आंध्रनं जपली. मी महाराष्ट्राबद्दल बोलतोय. आणि गंजली ती पंधरा वर्षं कुणी पैसे दिले नाहीत म्हणून. गंज आभाळातून पडत नाही.

निवतीकर
महाराष्ट्राबद्दल आमका इचारा. २०१८ च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळानं मंजूर केलं, विराट सिंधुदुर्गात आमच्या निवतीच्या खडकांपाशी आणणार, ८५२ कोटी, म्युझियम, स्कूबा, शिडाच्या बोटी. माझ्या चुलतभावानं त्या भरवशावर दोन खोल्या वाढवल्या, न्याहारी-निवास म्हणून. विराट २०२० ला निवतीला न येता मुंबईहून अलंगला गेली. खोल्यांत आता जाळी आणि नारळ ठेवतो. यावर नॉरफोकवाल्यांचं काय म्हणणं आहे ते कळू द्या.

एनजे_नाना
मला एक कळत नाही. ७१ च्या डिसेंबरात निक्सननं एंटरप्राइझ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागरात पाठवली ती आपल्यालाच दटावायला. आणि आपली पोरं त्यांच्या नाविक तळासमोर बोटीतून फिरून फोटो काढतात, मैदानात त्यांच्या सैनिकांसाठी उभं राहून टाळ्या वाजवतात. थोडी लाज?

होकीबाई
नाना, तुम्ही ग्रीन कार्ड मिळालं तेव्हा पेढे वाटलेत, इथेच फोटो टाकला होतात. मला लाज शिकवू नका. तो म्हातारा ज्या बोटीवर होता ती गोव्याला आपल्या नौदलाबरोबर सराव करायला आली होती. ७१ मध्ये अडकून बसायचं तर सगळेच बसू.

एनजे_नाना
पेढ्यांचा आणि आरमाराचा संबंध नाही. वैयक्तिक उतरलात म्हणजे मुद्दा संपलाय.

बंदरावरचा
नाना, एंटरप्राइझ तेव्हा कॅलिफोर्नियात अलमिडाला असे, नॉरफोकला परतली ती नंतर. तिथल्या बिचाऱ्या खलाशांवर राग काढू नका. डॉकयार्डपुत्र, हे तुमच्यासाठी: विक्रांत आणि एंटरप्राइझ दोघी १९६१ लाच नौदलात दाखल झाल्या. एंटरप्राइझला २०१२ च्या डिसेंबरात नॉरफोकलाच निरोप दिला. तिचं संग्रहालय होणार का? नाही. आठ अणुभट्ट्या पोटात, त्या काढायच्या तर बोट कापावीच लागते. म्हणजे अमेरिकाही सगळं जपत नाही. भंगार त्यांच्याकडेही होतं.

डॉकयार्डपुत्र
अणुभट्टीमुळे कापणं आणि साठ कोटींसाठी कापणं यात फरक आहे. पण तारखांची माहिती चांगली दिलीत, वडिलांना सांगेन. ते म्हणतील, तो माणूस डॉकयार्डातला नसणार, एवढं नीट बोलतो म्हणजे.

टोमणेश्वर
फुटबॉल कुणी खेळतंय का अजून?

ब्लॅक्सबर्गचा_बंड्या
मी खेळवतो. रिचमंडकरांनी विचारलं होतं की टेकनं अशा लहान मैदानात जायचंच कशाला. काका, टेकचा फुटबॉल नॉरफोकच्या आसपासच्या त्या ७५७ एरिया कोडवर उभा आहे. टेकचे नावाजलेले खेळाडू बघा. ब्रूस स्मिथ नॉरफोकचा. कॅम चान्सलर नॉरफोकचा. मायकेल विक पलीकडच्या न्यूपोर्ट न्यूजचा. ती पोरं घरच्या गावात आपल्याला खेळताना बघतात म्हणून आपल्याकडे येतात. न जाऊन कसं चालेल? उलट आता ओडीयू तीच पोरं स्वतःकडे ठेवते, खरं दुखणं ते आहे. २००९ ला नव्यानं संघ उभा केलेलं कॉलेज आपल्याला झोडपतं ते उगाच नाही.

आणि 'हरायला इतक्या लांब का जायचं' हा मुद्दा २०२५ च्या सप्टेंबरात निकालात निघाला. लेनवर, आपल्या घरात, ४५-२६. दुसऱ्या दिवशी प्राय यांची नोकरी गेली. सोफ्यावरून बघितलीत ना?

रिचमंडकर
बघितली. मध्यंतराला बंद केली.

नॉरफोकची सून
२०२४ ला टेक इथे येऊन ३७-१७ जिंकून गेली, ती कुणीच काढत नाही. जिंकल्याचं तुम्हा लोकांना काही वाटत नाही, हरल्याच्या कथाच रंगवता. त्या दिवशी आम्ही टेलगेटला (मॅचआधी पार्किंगमध्ये गाडीपाशी होणाऱ्या जेवणाला) मिसळ केली होती, टेकवाले तर्री मागून मागून खाऊन गेले. पाव कमी पडले, हॉटडॉगचे बन लावले.

होकीबाई
बनची मिसळ मी खाल्ली आहे आणि त्यावर मी वेगळं भांडेन.

रिचमंडकर
४६० चं बघतो. सुट्टीच्या शुक्रवारी निघालो होतो ही गोष्ट तेवढी धरून बसू नका, ऑफिस दोनला सुटलं होतं. पुढच्या वेळी मिसळ असेल तर टेलगेटपुरता येईन, तिकीट काढणार नाही, मॅच पार्किंगमध्ये फोनवर बघेन. आणि विस्कॉन्सिन मी बघितलेली आहे, मुलांना घेऊन. मोठा मुलगा तोफेपाशी तासभर हलला नाही. चांगली आहे. पण ती बोट झाली, गाव नव्हे.