गूजनेक हिच: भोक पाडण्याआधी खाली वाकून बघा

टेक्सासमध्ये गुरांचा ट्रेलर ओढायला पिकअपला गूजनेक हिच (हौद्यात बसणारी ट्रेलरची जोडणी) घरीच बसवताय आणि तिचा बॉल, म्हणजे ट्रेलर ज्यावर टेकतो तो गोळा, मागच्या ॲक्सलच्या किती मागे ठेवू, असं विचारलंत. मागे अजिबात नको! बॉल ॲक्सलच्या बरोबर वर किंवा दोनेक इंच पुढे हवा. मागे गेला की ट्रेलरचं वजन पुढची चाकं हलकी करतं, आणि स्टिअरिंग हवं तसं ऐकत नाही.

हौद्यातलं भोक साधारण 4 इंचांचं असतं. आधी गाडीखाली जाऊन ब्रेकची नळी, वायरी, इंधनाची टाकी कुठे आहेत ते नीट बघा, मग भोकाच्या मधोमध बारीक ड्रिल मारा. मी थेट होल-सॉ (गोल भोक कापणारी करवत) लावणार होतो, भावाने हात धरला म्हणून नळी वाचली. कापलेल्या कडेला लगेच रंग द्या, नाहीतर पहिल्याच पावसात गंज.

बोल्ट टॉर्क रेंचनेच (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना), किटमध्ये दिलेल्या आकड्यापर्यंत आवळा. पहिल्या खेपेनंतर पुन्हा तपासा. बॉल बहुधा 2 5/16 इंची लागतो, तरी ट्रेलरच्या कपलरवरचा (बॉलवर बसणाऱ्या भागावरचा) आकडा वाचूनच घ्या. आणि सेफ्टी चेन हिचच्याच कड्यांना अडकवा, हौद्याच्या हुकांना नाही.